ऊब पुरे झाली!

गेली कित्येक वर्षे मराठी दिवाळी अंकांतून एक गोधडी फिरते आहे. ती बहुधा आईची असते, क्वचित आजीची. तिच्यात वडिलांचे धोतर असते, आजीचे इरकली लुगडे असते, ताईचे पोलके असते आणि लेखकाचे बाळपणीचे झबले तर असतेच असते. लेखक मोठा होतो, शहरात जातो, त्याच्या घरी मऊ मऊ रजया येतात. पण झोप काही येत नाही. मग एका थंडीच्या रात्री तो माळ्यावरची ती गोधडी काढतो, अंगावर ओढतो, आणि शेवटच्या ओळीत त्याला 'ऊब' मिळते. वाचक डोळे पुसतात, संपादक मानधन पाठवतात, आणि गोधडी घडी होऊन पुढच्या वर्षीच्या अंकासाठी पुन्हा माळ्यावर जाते.

या गोधडीशी मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण काढू नये हे मला कळते. फराळाचे ताट पुढे ठेवून पाहुण्याचे कान उपटण्यासारखेच ते आहे. परंतु ज्या अंकांतून ही गोधडी फिरते त्याच अंकांत तिला गाठली पाहिजे. दुसरीकडे कुठे ती सापडायची नाही. आणखी एक सांगून टाकते. या गुन्ह्यात मी स्वतः सामील आहे. असले दोन लेख माझ्या नावावर जमा आहेत. एकात मी आईच्या गोधडीला 'स्मृतींचा ठेवा' म्हटले आहे. दुसऱ्यात काय म्हटले आहे ते सांगत नाही.

माझे म्हणणे असे की, गोधडी म्हणजे माया, आठवण वगैरे जे काही असेल ते मागाहून. आधी ते काम आहे. शिकावे लागते, चुकते, उसवावे लागते आणि मुख्य म्हणजे पुरे करावे लागते असे काम. आपण त्या कामाची मोठ्या सोयीस्करपणे भावना करून टाकली आहे. भावनेला सुई टोचत नाही.

मी शाळेत शिवण शिकवते. शिक्षण म्हणाल तर शालान्त परीक्षेपर्यंत. त्यावर शिवणकामाचा एक अभ्यासक्रम. कादंबऱ्या लिहिते, पण त्याला परीक्षा लागत नाही. तेव्हा मोठ्या सिद्धान्तांत न शिरता मला येते तेवढे गणित मांडते.

साधी, मोठ्या माणसाच्या अंगावर पुरेल अशी गोधडी घ्या. सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. म्हणजे ७२ इंच गुणिले ५४ इंच. धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून एक इंचावर धरल्या तर एकूण ओळींची लांबी होते ३,८८८ इंच, म्हणजे बरोबर १०८ वार. (जपमाळेचा आकडा आला तो योगायोग, त्यावर कोणी लेख लिहू नये.) एका इंचात तीन टाके म्हटले तर ११,६६४ टाके झाले. माझ्यासारख्या बेताच्या हाताला चार-पाच थरांतून एक वार धावदोरा घालायला पाव तास लागतो. १०८ वारांना २७ तास. यात कापड उसवणे, धुणे, कापणे, थर लावणे आले नाही. आणि ओळी इंचावर न घेता अर्ध्या इंचावर घेतल्या, जशा जुन्या चांगल्या वाकळांत असत, तर सारेच दुप्पट: २१६ वार आणि ५४ तास.

हे गणित मला पूर्वी ठाऊक नव्हते. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायिका आजारी मुलासाठी एका रात्रीत गोधडी शिवते. पहाटे कोंबडा आरवतो, शेवटचा टाका पडतो, मुलाचा ताप उतरतो. हा प्रसंग पुष्कळांना आवडला. आमच्या आळीत एक काकू आहेत, ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या नातीने त्यांना तो वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी पाणवठ्याच्या वाटेवर त्यांनी मला थांबवले आणि अगदी साध्या मनाने विचारले, "एका रातीत? मग किती बायका बसल्या हुत्या गं?"

मी म्हटले, "एकटीच, काकू."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग ती गोधडी न्हाई. कायतरी दुसरंच आसंल."

परीक्षणे पुष्कळ आली, पण इतके नेमके एकही नव्हते.

आता आईची गोष्ट. माझी आई २०११ साली गेली. जाताना तिची एक गोधडी अर्धी राहिली होती. मी ती तशीच घडी करून ट्रंकेत ठेवली. सुईसुद्धा काढली नाही. आईने जिथे टाका सोडला होता तिथेच ती खोचलेली राहिली, आणि मला वाटले, किती सुंदर आहे हे! याच सुईवर मी पहिला लेख लिहिला. अकरा वर्षे ट्रंक उघडली नाही. २०२२ साली घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा-गोधड्या नदीवर न्यायला काढल्या तेव्हा तीही निघाली. आमच्या कृष्णाकाठी घट बसायच्या आधी घरातले पांघरूण-अंथरूण धुवायची रीत आहे. त्या आठवड्यात घाटाचे सारे दगड गोधड्यांनी झाकून जातात. मी गोधडी उलगडली. सुई गंजून कापडात मुरली होती. ओढली तर मोडली, आणि तिच्याभोवतीचे लुगडे पेरभर रुंद, तपकिरी होऊन जळाल्यासारखे गळून पडले. तेवढे भोक आईच्या गोधडीला माझ्या हळवेपणाने पाडले.

मग मी फेरे मोजले. आईची गोधडी वर सांगितल्याच मापाची होती. पुरी व्हायला २७ फेरे लागतात. आईने १४ घातले होते. उरलेला मधला चौकोन ४४ इंच गुणिले २६ इंचांचा. हिशेब केला: सुमारे ३२ वार. आठ तासांचे काम! आठ तासांच्या कामाला मी अकरा वर्षे लावली, आणि त्या अकरा वर्षांत त्याच्यावर दोन लेख लिहिले. लेखांना आठ तासांहून अधिक वेळ लागला होता.

ती पुरी करायला बसले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. मला ते येत नव्हते. शिवण शिकवणाऱ्या बाईला! मी यंत्रावर शिवते. कॉलर, बाही, कळ्यांचा परकर, काय म्हणाल ते. गोधडीचा धावदोरा आईला बघून आपोआप आला असेल अशी माझी समजूत होती. बघून काही येत नाही.

गोधडी कशी होते ते एकदा नीट सांगते. कारण इतक्या गोधड्या छापून आल्या, पण ही माहिती मी तरी त्यांत वाचलेली नाही. आधी तळाचे लुगडे अंथरायचे. चारही बाजूंनी ताण देऊन कोपऱ्यांवर वजने ठेवायची. आम्ही पोरे पाट, वरवंटा, पितळी तांब्या असे हाताला लागेल ते ठेवीत असू. मग आतले थर. खरी अक्कल इथे लागते. फाटकी धोतरे, चादरी, परकर जसेच्या तसे टाकायचे नसतात. जाड शिवणी, बटणे, नाडीचे नेफे कापून काढायचे. नाहीतर सुई तिथे अडते आणि निजणाऱ्याच्या बरगडीला रात्रभर टोचते. एका तुकड्याची कड दुसऱ्यावर चार बोटे चढली पाहिजे. कमी चढली तर पुढे तिथे खळगा पडतो, जास्त चढली तर गाठोडे होते. कापडात कापड मिसळायलाही विचार लागतो. सुती कापडावर सुती कापड बसते. गुळगुळीत कृत्रिम धाग्याची साडी मध्ये घातली की वरचा थर तिच्यावरून निसटतो आणि शिवणारीचा जीव खातो. सगळ्यांत वर चांगल्यातले, न विरलेले लुगडे. मग लांब लांब कच्चे टाके घालून सारे थर एकमेकांशी बांधायचे, आणि त्यानंतर कडेपासून धावदोरा. आमच्याकडे चौकोनी फेरे घालीत आत आत जातात.

यातली मेख अशी. सुई पुढे जाते तसे वरचे कापडही तिच्यापुढे सरकते. एका फेऱ्याला सूतभर, फार तर दोन सूत. डोळ्याला दिसतसुद्धा नाही. दर वितीला डाव्या हाताच्या तळव्याने ते मागे सारून सपाट करावे लागते. ते केले नाही की सरकलेले सारे कापड शेवटी मध्यभागी जमते आणि तिथे फुगा येतो. फुगा आल्यावर उपाय नाही. सारे उसवायचे.

मला फुगा आला. पाच फेरे घालून झाल्यावर आला. मी तो हाताने चेपून पाहिला, वर इस्तरी फिरवून पाहिली. अखेर गोधडी काखोटीला मारून काकूंकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली आणि पहिल्याप्रथम उलटी केली.

"वरनं समदीच शिवत्यात," त्या म्हणाल्या. "खालनं बघायचं."

खालून माझे टाके म्हणजे लहान पोराने पाटीवर मारलेल्या रेघा होत्या. काही तळाच्या लुगड्यापर्यंत पोचलेच नव्हते. काही बोटभर लांब पडले होते. गाठी उघड्यावर लोंबत होत्या. आईचे चौदा फेरे खालूनही वरच्यासारखेच होते. काकूंनी मला पाचही फेरे उसवायला लावले. मग लुगड्याच्या दोन फाटक्या पदरांवर आठ दिवस नुसत्या सरळ रेघा घालायला बसवले, आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलींसारखे. गाठ थराच्या आत कशी दडवायची, कोपऱ्यावर वळताना एक टाका उभा कसा घ्यायचा, अंगुस्तान मधल्या बोटात घालून सुई बोटाने न रेटता हाताच्या पंज्याने कशी रेटायची, हे सारे मी वयाच्या चाळिशीनंतर शिकले. गोधडी डिसेंबरात पुरी झाली. माझी मुलगी तिच्यावर बोट फिरवीत म्हणाली, "आई, इथून तुझी सुरू होते." खरे आहे. आंधळ्यालाही कळेल.

आणि माझ्या लेखातले एक मोठे असत्य याच वेळी माझ्या ध्यानात आले. आईने गोधड्या 'मायेने' शिवल्या असे मी लिहिले होते. वास्तविक घरात पाच माणसे होती आणि घोंगडी दोन. थंडी पडायच्या आत गोधडी झाली नाही तर कोणीतरी कुडकुडणार, एवढे साधे कारण. ती दळण-कांडण, धुणी-भांडी आटोपून रात्री दिव्याशी बसे आणि कंबर धरली म्हणून कुरकुरे. तिची कुरकुर मी लेखातून गाळली. कारण ती ठेवली असती तर ऊब कमी झाली असती. "बाईच्या या राबण्याचे आता कौतुक कशाला?" असे आजच्या मुली विचारतात. त्यांचे बरोबर आहे. राबण्याचे कौतुक नकोच. पण राबण्यातले कसब वेगळे काढता येते, आणि ते राबणाऱ्या बाईबरोबर जाळून टाकण्याचे कारण नाही.

दुसरा एक आक्षेप मला ठाऊक आहे. "बाई, आता वेळ कोणाला आहे? रजई दुकानात मिळते." मिळते ना. घ्यावी आणि खुशाल झोपावे! गोधडी शिवलीच पाहिजे अशी सक्ती मी कोणावर करीत नाही. माझे भांडण रजई घेणाऱ्याशी नाही. रजईत झोपून गोधडीवर लिहिणाऱ्याशी आहे. आणि त्याहून अधिक, गोधडी सुरू करून सोडून देणाऱ्याशी आहे.

कारण हा नवा रोग मोठा गमतीचा आहे. शहरांतून आता गोधडीचे एका दिवसाचे वर्ग निघतात. अशा एका वर्गाला मी शिकवायला गेले होते. सुशिक्षित, हौशी बायका. येताना नव्या कापडाचे रंगसंगती जुळवलेले तुकडे, चार प्रकारच्या सुया आणि परदेशी दोरा घेऊन आलेल्या. जुने कापड एकीनेही आणले नव्हते. दिवसभरात प्रत्येकीचा एक वीतभर चौकोन झाला, त्याची छायाचित्रे निघाली, आणि निघताना पुढच्या वर्गाची चौकशी झाली. तो दुसऱ्या कुठल्या तरी प्रांताच्या टाक्यांचा होता. पहिली पुरी कधी करणार, असे मी विचारले. एक बाई हसून म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे अशा सहा अर्धवट आहेत." हे त्या भूषण म्हणून सांगत होत्या. सहा लग्ने अर्धवट आहेत असे कोणी सांगेल काय?

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिला त्या कवंदी म्हणतात. जुन्या कपड्यांचे तुकडे लावीत त्याही कडेकडून आत येतात. आणि चार कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेली चार फुले जोडल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. बंगालच्या बायका जुन्या साड्यांच्या काठांतले दोरे ओढून काढून त्यांनीच कांथा शिवत. म्हणजे सुरुवात करण्याआधीच निम्मे काम! अशा घरांत अर्धवट सहा असण्याची चैन कोणाला परवडणार?

म्हणून नव्याने शिकणाऱ्या मुलीला माझे सांगणे, मोठ्या गोधडीला हातच घालू नको. बाळाचे दुपटे घे. ३६ इंच गुणिले ३० इंच. १,०८० इंच, म्हणजे ३० वार, साडेसात तास. रोज अर्धा तास बसलीस तर पंधरवड्यात दुपटे हाती येते. ते पुरे होईपर्यंत दुसरे कापड कापायचे नाही. कात्रीला कुलूप लावावे लागले तरी चालेल.

आता शाळेकडे वळते, कारण माझ्या पोटातले दुखणे तिथले आहे.

१९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यायची कल्पना मांडली. पुढे कोठारी आयोगाने, १९६४ ते १९६६ या काळात, तिला कार्यानुभव असे नाव मिळवून दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकायला पाठवावे असे म्हटले आहे. शब्द बदलत गेले. शाळेतल्या टेबलावर मात्र वर्षाच्या अखेरीला तेच: थर्मोकोलचा बंगला, बांगड्यांचे तोरण, आणि हे सगळे पालकांनी केलेले किंवा विकत आणलेले. मुलांचे हात स्वच्छ ते स्वच्छ. त्यातही मुलांना शिवण नाही, ते मुलींचे. मुलगे तेवढा वेळ मैदानावर. ज्या महाराष्ट्रात नामदेव शिंप्याच्या घरी वाढला, ज्या महाराष्ट्रात आजही गावोगाव शिंपी पुरुषच आहे, तिथे मुलाच्या हातात सुई दिली तर बाप शाळेत भांडायला येतो!

२०१३ साली मी सातवीला 'टाकाऊतून टिकाऊ' या सदराखाली लहान गोधडी करून आणायला सांगितले होते. एका मुलीने खरेच स्वतः शिवलेली आणली. हातभर लांब. ठिगळे वेडीवाकडी, टाके कुठे मोठे कुठे बारीक, एक कोपरा राहून गेलेला, आणि एका जागी रक्ताचा वाळलेला थेंब. दुसऱ्या एका मुलाने शहरातल्या दुकानातली गोधडी आणली. यंत्रावरची, चकचकीत, काठाला झालर. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. मी झालरवाली गोधडी टेबलावर मध्यभागी मांडली आणि तिला 'अ' दिला. मुलीच्या गोधडीला 'क' दिला आणि ती कपाटात ठेवली. मुलगी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी वस्तू जमा करताना तिने एक सुंदर कापडी पिशवी पुढे केली. म्हणाली, "बाई, यंदा विकतचे आणले आहे. नीट आहे."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते. नव्हता. ती मला खूश करायला आली होती. एका वर्षात मी तिला जे शिकवले होते ते तिने बिनचूक म्हणून दाखवले.

सरकार, अभ्यासक्रम, पालक यांना नावे ठेवणे सोपे आहे, मीही ठेवते. पण तो 'क' माझ्या हातचा होता.

आता राहिला पैशाचा भाग. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे खेडे आहे. तिथल्या काळ्या बायका, गुलामांच्या वंशातल्या, शेतातल्या कामाच्या विटक्या कपड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवीत आल्या. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. आमच्याकडच्या लेखकांना हे फार आवडते. "बघा, आमची गोधडीही भिंतीवर लागली पाहिजे!" लागो बापडी. पण त्याच परिसरातल्या बायकांनी १९६६ साली, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, गोधड्या विकायला स्वतःची सहकारी संस्था काढली होती, हे मात्र कोणी लिहीत नाही. भिंतीच्या छत्तीस वर्षे आधी त्यांनी दामाची गोष्ट काढली होती.

आपल्याकडे काय चालते? दारोदार फिरून गोधडी शिवून देणारी बाई आली की आपण तिच्याशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतो. २७ तास म्हणजे आठ तासांच्या रोजाने जवळजवळ साडेतीन दिवस. साडेतीन दिवस सुताराला किंवा गवंड्याला घरी बोलवा आणि काय हातावर ठेवावे लागते ते पाहा. त्यांच्याशी आपण घासाघीस करीत नाही, कारण त्यांच्या कामाला आपण काम म्हणतो. गोधडीवाल्या बाईला मात्र, "अहो, नुसता धावदोरा तर आहे!" असे ऐकवतो, आणि रात्री बसून आईच्या धावदोऱ्यावर लेख लिहितो.

संपादकांना माझी एक सूचना आहे. यापुढे कोणी 'आईची गोधडी' या नावाचा लेख पाठवला तर तो नाकारू नये. लेखकाचे मन दुखवू नये. त्याला फक्त उलट टपाली एक सुई, एक दोऱ्याचे रीळ आणि जुन्या धोतराचे दोन तुकडे पाठवावेत, आणि एक वार धावदोरा घालून परत पाठवण्याची विनंती करावी. पाव तासाचे काम आहे. तुकडे आले की ते उलटे करून पाहावेत आणि मग लेख छापावा.

आमच्या शाळेत मी आता तसेच करते. विकतची वस्तू घेत नाही. शिवण शाळेतच, तासाला, माझ्यासमोर. मुलगे आणि मुली दोघांनाही. वर्षात एकच दुपटे, पण ते पुरे. दोन पालक भांडून गेले. मुलग्यांतला एक इतका सुरेख धावदोरा घालतो की मला हेवा वाटतो. त्याचा बाप गवंडी आहे, ओळंबा त्याच्या डोळ्यातच असावा. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात मी सगळी दुपटी टेबलावर उलटी मांडली होती. प्रमुख पाहुणे भले गृहस्थ होते. त्यांना वाटले, मुलांच्या हातून चुकून उलटी पडली. ते चालता चालता एकेक दुपटे उचलून सुलटे करीत पुढे गेले, आणि त्यांच्या मागून मी एकेक पुन्हा उलटे करीत गेले.